थीब्जची नऊ वर्षं आणि एक बगळी

शनिवार, पंधरा नोव्हेंबर. आठवड्याचे पाच युनिफॉर्म इस्त्री करायचे होते आणि संध्याकाळी पाच वाजता मराठी मंडळाच्या बैठकीत थीब्जवर वीस मिनिटं बोलायचं होतं. मी दोन्ही कामं एकदम काढली. इस्त्रीच्या टेबलाच्या निमुळत्या टोकाला भाषणाचे कागद ठेवले आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांवर पाणी फवारायची बाटली ठेवली. एक बाही झाली की एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, असा हिशेब.

नवरा ओट्यापाशी पापलेटं साफ करत होता. कुवेतच्या अब्बासिया भागातल्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये फक्त एक कमान आहे, त्यामुळे श्रोता आयताच मिळाला.

आमच्या मंडळाच्या वाचन बैठकीचा एक नियम आहे. वक्त्याने स्वतःच्या धंद्याबाहेरच्या विषयावर बोलायचं. डॉक्टरांनी औषधांवर बोलायचं नाही, इंजिनिअरांनी पुलांवर बोलायचं नाही. चिठ्ठ्या टाकतात. या वेळी प्राचीन ग्रीस होतं. ज्यांना अथेन्स आणि स्पार्टा मिळालं ते खुशीत होते. मला आलं ‘थीब्जचं वर्चस्व’. मी तेव्हा हे नाव इजिप्तमधलं समजत होते. नंतर पुस्तकं मागवून वाचली, तर कळलं की ग्रीसमध्ये याच नावाचं एक मध्यम आकाराचं शहर होतं आणि त्याने एकदा स्पार्टाला लोळवून नऊ वर्षं सगळ्या ग्रीसला आपल्या तालावर चालवलं होतं.

“नऊच?” नवऱ्याने खवले काढता काढता विचारलं.

“नऊच.”

“मग तू पुढे गेलीस की. तुझी अकरा झाली.”

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागाची प्रमुख आहे. ऑपरेशनची हत्यारं आमच्याकडे मळकी येतात, धुतली जातात, तपासली जातात, सेट लावून, गुंडाळून, वाफेच्या यंत्रातून काढून परत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जातात. माणसं आमच्याकडे येत नाहीत, फक्त लोखंड येतं. सतरा वर्षांपूर्वी मिरजेहून आले तेव्हा मी साधी तंत्रज्ञ होते. गेली अकरा वर्षं विभाग माझ्या हाती आहे आणि तो कुवेतमधल्या कुठल्याही विभागाच्या तोडीस तोड आहे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. ओटीवाल्यांना विचारा.

त्या शनिवारी माझ्या पर्समध्ये भाषणाशिवाय आणखी एक कागद होता. घटनेचा अहवाल. रविवारी सकाळी आठच्या आत भरून द्यायचा होता. बाकी सगळे रकाने भरले होते, एकच राहिला होता: कारण.

घटना बुधवारची. त्या दिवशी मी रजेवर होते, कारण इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं, नूतनीकरण होतं आणि त्या कार्यालयात सकाळ जाते. विभाग माझ्या सहायकाकडे होता. ही श्रीवर्धनची. घर खैतानला, नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. माझ्याकडे सात वर्षं आहे. त्या दिवशी तिच्या सहीने एक मोठा सेट ओटीत गेला. त्यात लांब वाकडे चिमटे तीन हवे होते, दोन मोठे आणि एक लहान. गेले तीन, पण तिन्ही मोठे. सर्जनने लहान मागितला तेव्हा तो नव्हता. दुसरा सेट उघडेपर्यंत वीस मिनिटं पेशंट भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर पडून होता. त्याला काही झालं नाही. पण वीस मिनिटं ती वीस मिनिटंच.

जानेवारीत मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने मिरजेला जाणार आहे. तेवढा काळ विभाग सहायकाने चालवायचा, असं वरून तोंडी ठरलेलं होतं. तिने तो नीट चालवला तर पुढे माझी खुर्ची तिची. अहवालात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आला की ते सगळं संपलं. मग बाहेरून कोणी बाई आणतील आणि ही आणखी दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राहील. हे तिला माहीत होतं आणि मलाही. तरी शनिवारी दुपारपर्यंत माझ्या मनात तोच शब्द होता. सही तिची होती. मी माया करते म्हणून सही पुसली जात नाही.

“तिने मोजले नाहीत का?” नवऱ्याने विचारलं.

“मोजले. तीन भरले.”

“मग?”

“मग काय? मोजायचे नाहीत, बघायचे.”

तो पापलेटाला मीठ-हळद लावायला लागला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या विभागात हत्यारांची नावं मराठी आहेत. मी ठेवलेली आहेत. मी आले तेव्हा प्रत्येक हत्याराला कुठल्या तरी मेलेल्या सर्जनचं नाव होतं आणि ते नाव फिलिपिनी एक म्हणायचे, केरळच्या मुली दुसरं आणि मिसरी, म्हणजे इजिप्तचे लोक, तिसरंच. आरडाओरडा करूनही हवं ते मिळत नसे. मी प्रमुख झाल्यावर ते बंद केलं. दिसतं तसं नाव. टोकदार असेल ती चोच. दोन्हीकडे फाकतो तो खेकडा. पोटाची कड ओढून धरणारा जाडजूड तो आजोबा. लांब वाकडा चिमटा तो बगळा आणि त्याचीच लहान आवृत्ती बगळी. चिकटपट्टीवर इंग्रजी अक्षरांत लिहून ही नावं फडताळांवर लावली. सहा महिन्यांत सगळा विभाग तीच बोलायला लागला. मनिलाची बाई “आजोबा क्लीन, मॅडम” म्हणते. ओटीतून एक लेबनानी सर्जन फोनवर खेकडा मागतो. ज्यांना मराठीचा गंध नाही अशी पाच देशांची माणसं माझ्या भाषेत काम करतात, याचा मला अभिमान होता आणि आहे.

पाचव्या युनिफॉर्मची कॉलर झाली तेव्हा भाषणही संपलं. एकोणीस मिनिटं. मी इस्त्री बंद केली आणि जेवायला बसले.

बैठक आमच्याच गल्लीत, एका इमारतीच्या तळघरातल्या सभागृहात असते. चिटणीसांनी दाराशी मोठं पोस्टर लावलं होतं: ‘थीब्जचं वर्चस्व’, आणि खाली कोरीव चित्रं असलेले प्रचंड खांब. मी पाहिलं आणि ओळखलं. खांब इजिप्तचे होते.

“काय हो, हे कुठून काढलंत?” मी चिटणीसांना विचारलं.

“संगणकावर नाव टाकलं, आलं. का?”

“हे दुसरं थीब्ज आहे.”

“दोन आहेत?” ते म्हणाले. “मग तुमच्याला तुम्ही काहीतरी वेगळं म्हणा ना.”

म्हणून सुरुवातच त्यावर करावी लागली. मी म्हणाले, “दारावरचे खांब विसरा. त्यांचा आपल्याशी संबंध नाही. एकाच नावाने दोन गोष्टींना हाक मारली की असा घोळ होतो.” तीसेक माणसं होती. बाकीचे नुसते बघत होते, मागच्या रांगेत माझी सहायक मात्र हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. मला ते खटकलं. ती दर बैठकीला येते, तिला नेमकं विनोदाच्या जागी हसता येतं, आणि इथे मी विनोद केलेला नव्हता.

भाषण चांगलं झालं. मी वाचून दाखवत नाही, सांगते. स्पार्टाने अथेन्सला हरवलं तेव्हा थीब्ज स्पार्टाच्या बाजूने होतं, आणि त्याचं बक्षीस म्हणून काही वर्षांनी स्पार्टाने थीब्जच्याच किल्ल्यात आपली फौज आणून बसवली. हद्दपार केलेली मोजकी माणसं वेष बदलून शहरात शिरली आणि त्या फौजेला बाहेर काढलं. पुढे ल्यूक्ट्राच्या मैदानावर समोरासमोर गाठ पडली. ग्रीकांची रीत अशी की बळकट माणसं उजव्या हाताला उभी करायची. दोन्ही सैन्यं तेच करायची, म्हणजे प्रत्येकाचे बळकट समोरच्याच्या कच्च्यांवर पडायचे. थीब्जच्या सेनापतीने उलटं केलं. आपली सगळी ताकद डावीकडे, पन्नास रांगा खोल, थेट स्पार्टाच्या बळकट बाजूसमोर. उजवीकडचे कच्चे लोक मागे ठेवले, त्यांना सांगितलं की घाई करू नका. स्पार्टाचा राजाच त्या मैदानावर पडला. शतकानुशतकं ज्यांना उघड्या मैदानात कोणी हरवलं नव्हतं ते एका दुपारी हरले.

“आमच्या विभागात सकाळची पाळी मी अशीच लावते,” मी म्हणाले. “सगळे पक्के हात सात ते अकरा. तेव्हाच ओटीचा मारा असतो. दुपारी कच्चे असले तरी चालतं.” लोक हसले. हा विनोद होता.

मग सेनापतीची बाकीची हकिगत. त्याने स्पार्टाच्या मुलखात शिरून पिढ्यान्‌पिढ्या राबवलेले शेतमजूर मोकळे केले आणि त्यांना स्वतःचं शहर बसवून दिलं, म्हणजे स्पार्टाच्या जेवणाचं ताटच ओढून घेतलं. मुदत संपली तरी त्याने सेनापतिपद सोडलं नाही, काम अर्धं होतं म्हणून. घरी आल्यावर त्याच्यावर त्याबद्दल खटला झाला. सुटला. एकदा विरोधकांनी त्याची जिरवायला त्याला गावातला शेणकचरा उचलण्याच्या खात्यावर नेमलं, तर त्याने तेही इतकं चोख केलं की पुढे त्या पदाला मान आला. इथे डॉक्टर मंडळी जास्त हसली.

आणि शेवट. मँटिनियाच्या लढाईत, जिंकता जिंकता, त्याला भाला लागला. असं सांगतात की त्याने आपल्या हाताखालच्या दोघांची नावं घेतली, त्यांना बोलवा म्हणाला. दोघंही त्याच दिवशी पडले होते. तेव्हा तो म्हणाला, मग तह करून टाका. थीब्जचं वर्चस्व तिथे संपलं. शहर होतं, फौज होती, पण चालवणारा राहिला नाही.

टाळ्या झाल्या. चिटणीसांनी प्रश्न विचारा म्हटलं. एकाने स्पार्टात बायका काय करायच्या ते विचारलं. मग माझी सहायक उभी राहिली.

“ताई, ते दोघं, ज्यांची नावं त्याने शेवटी घेतली. त्यांना त्याने आधी कधी एकट्याने लढाई चालवू दिली होती का?”

“मला पुस्तकात तसं काही सापडलं नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि बसली.

नंतर चहा होता, कागदी कपांत, आणि सुरळीच्या वड्या. मी तिला कोपऱ्यात घेतलं. गर्दीत बोलण्यासारखं नव्हतं.

“सुरुवातीला हसलीस कशाला?”

“हसले नाही ताई.”

“हसलीस. मी पाहिलं.”

तिने कप खाली ठेवला. “तुम्ही म्हणालात ना, एका नावाने दोन गोष्टी. आपल्याकडे उलटं आहे. दोन नावांनी एकच गोष्ट. म्हणून हसू आलं.”

“कसली एकच गोष्ट?”

“बगळा नि बगळी.”

“ती एक कशी? एक मोठा, एक लहान.”

“तुम्हाला नि मला. मिसरीला नाही.” हा मिसरी म्हणजे आमचा सेट लावणारा तंत्रज्ञ, बारा वर्षांचा जुना, हात अतिशय स्वच्छ. “त्याच्या अरबीत बग़ला म्हणजे खेचर. आणि बग़ली म्हणजे माझं खेचर. त्याला वाटतं तुम्ही कधी खेचर म्हणता, कधी लाडात माझं खेचर म्हणता. चिमटा तोच. मला तर म्हणाला, मॅडमचा फार जीव आहे त्या चिमट्यावर.”

मी हसले नाही. बुधवार डोळ्यांसमोर आला. मी इकाम्याच्या कार्यालयात, हातात टोकनचा नंबर, आणि मिसरीचा फोन. सेटची यादी मशीनवर उघडत नाही, लांब चिमटे किती घालू? मी सांगितलं, दोन बगळे आणि एक बगळी. त्याने ऐकलं: दोन खेचरं आणि एक माझं खेचर. एकूण तीन. त्याने तीन घातले. सहायकाने तीन मोजले. हिशेब चोख जुळला.

“त्याने तुला का नाही विचारलं? तू समोर होतीस.”

“तुमचाच नियम आहे ताई. सेटबद्दल काही अडलं तर फोन तुम्हाला. रजेवर असलात तरी.”

नियम माझाच होता.

“हे खेचराचं तुला कधीपासून माहीत आहे?”

“दोन वर्षं.”

“आणि मला आत्ता सांगतेस?”

“तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याला म्हणावं कान साफ करून घे.”

ते मला आठवलं. अगदी शब्द न् शब्द. मी तेव्हा पाळीचा तक्ता लावत होते आणि मान वर केली नव्हती.

“लहान चिमटा नाहीये हे मात्र मला दिसायला हवं होतं,” ती म्हणाली. “तीन भरले आणि मी सेट पुढे ढकलला. तेवढं माझं. तुम्ही जे लिहाल त्यावर मी सही करते. फक्त उद्या सकाळी लवकर सांगा, नवऱ्याला सांगायचंय. तो जानेवारीचं धरून बसलाय.”

हे तिने रडून सांगितलं नाही. रडली असती तर मी कदाचित चिडले असते. तिने सुरळीची आणखी एक वडी घेतली आणि पर्स खांद्याला लावली.

मी घरी चालत आले, सात मिनिटांचा रस्ता. नवऱ्याने दार उघडलं आणि कसं झालं म्हणून विचारलं. मी बगळ्याची गोष्ट सांगितली. तो खुर्चीवर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.

“अकरा वर्षं,” तो म्हणाला. “अकरा वर्षं तो माणूस रोज खेचरं वाफवतोय आणि तुला पत्ता नाही.”

“अहो, पुरे.”

“नाही, पण त्याने एकदाही विचारलं नाही?”

“मला कोण विचारणार?” मी म्हणाले. ते जसं आहे तसं म्हणाले, तक्रार म्हणून नाही. मला प्रश्न विचारायची पद्धत मीच ठेवली नव्हती. मी सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. त्याने काम वेगात होत होतं आणि आजही होतं. नावं ठेवली ही चूक नव्हती; तेव्हा तोच उपाय होता, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा ठेवीन. चूक ही, की ती नावं माझ्या तोंडातून निघाली तरच काम होतं, असा विभाग मी बांधला आणि त्याला शिस्त म्हणत राहिले. जानेवारीत मी मिरजेत गुडघा वर करून पडले असते आणि दिवसातून वीस फोन घेतले असते. आणि फोन लागला नसता त्या दिवशी?

त्या सेनापतीने दोघांना तयार केलं होतं की नुसतं शेजारी उभं केलं होतं, ते मला खरंच माहीत नाही. पुस्तकं पुन्हा चाळली, नाही सापडलं. मी कोणालाच तयार केलं नव्हतं, हे मात्र शोधायला पुस्तक लागत नव्हतं.

जेवणाआधी मी सहायकाला फोन केला.

“नवऱ्याला काही सांगू नकोस. आणि उद्याचा पाळीचा तक्ता तू लाव.”

“मी? उद्या तर तुम्ही आहात.”

“आहे. मलाही त्यात कुठेतरी घाल.”

“कुठेही?”

“तक्ता तुझा आहे.”

रविवारी सकाळी मी पाच-चाळीसची बस घेतली. सहाच्या सुमाराला विभागात पोचले तेव्हा फक्त वाफेची यंत्रं तापत होती. अहवालातला कारणाचा रकाना भरला: विभागात हत्यारांना खासगी नावं वापरली जातात; ती विभागप्रमुखाने ठेवली आहेत; दोन नावांत गोंधळ झाला; सूचनाही विभागप्रमुखाने फोनवर दिली होती. खाली माझी सही केली. तिच्या सहीची जागा मोकळी ठेवून तिथे आडवी रेघ मारली. मग स्पिरिटचा बोळा घेऊन फडताळांवरच्या चिकटपट्ट्या सोलायला लागले. अकरा वर्षांचा गोंद सहज निघत नाही. चोच निघाली, खेकडा निघाला, आजोबा अर्धा फाटला. प्रत्येक जागी कॅटलॉगचं नाव, नंबर आणि हत्याराचा फोटो लावला. नाव कसंही उच्चारा, फोटो सगळ्यांना एकच दिसतो.

साडेसहाला मिसरी आला. कपडे बदलून बाहेर आला आणि मोकळ्या फडताळाकडे बघत राहिला.

“मॅडम, खेचर कुठे गेलं?” त्याने त्याच्या हिंदीत विचारलं.

“दोन होती,” मी म्हणाले आणि मोठा आणि लहान, दोन्ही चिमटे त्याच्या हातात दिले. त्याने ते शेजारी शेजारी धरले, उजेडात फिरवले, आणि मान हलवली.

“तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तू आधी का नाही विचारलंस?”

“तुम्हाला?” तो म्हणाला.

सातला पाच कमी असताना सहायकाने तक्ता भिंतीला लावला. मी चष्मा वर करून वाचला. पक्के हात तिने माझ्यासारखेच सकाळी घातले होते, पण दोन कच्च्या मुली त्यांच्या शेजारी उभ्या केल्या होत्या, शिकायला. मी तसं कधी केलं नसतं. वेग कमी होतो. माझं नाव शेवटच्या ओळीत होतं: मळकी बाजू, धुणं.

ती माझ्याकडे बघत होती. मी काही म्हणते का ते बघत होती.

मी आठच्या आत अहवाल वरच्या कार्यालयात देऊन आले, प्लास्टिकचा एप्रन चढवला, लांब हातमोजे घातले आणि धुण्याच्या टाकीत गरम पाणी सोडलं.